मिठीचं सांडपाणी धारावीला नेणं परवडतं का?

कुर्लेकर: मुंबईतले बापट नाला आणि सफेद पूल नाला मिठी नदीत सोडतात ते घाण पाणी, म्हणजे पाऊस नसताना वाहणारं रोजचं 168 दशलक्ष लिटर, सुमारे साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून धारावीच्या नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेण्याची पालिकेची योजना आहे. माझ्या मते हे करायलाच हवं. नाल्याकाठी वेगळा प्लांट उभारायचा तर जागा कुठे आहे? जमीन म्हटली की पुनर्वसन आलं, कोर्टकचेऱ्या आल्या. धारावीत लॅब, माणसं, गाळाची सोय एकदाच करायची. शिवाय बोगद्याला उतार असतो, वाटेत पंप नकोत.

पंपवाला: वाटेत नकोत, पण शेवटी लागणारच ना! बोगदा खोल, टाक्या जमिनीवर. समजा उपसा 30 मीटर आणि पंपाची कार्यक्षमता 65 टक्के, तर रोज साधारण 21 हजार युनिट जळतील. आठ रुपये दर धरा, वर्षाला सहा कोटी झाले. हे कायमचं बिल, बोगद्याच्या खर्चात दिसत नाही.

कुर्लेकर: मुंबईतल्या सात केंद्रांचं काम सतरा हजार कोटींच्या घरात आहे. त्यापुढे सहा कोटी? एवढ्यात नाल्याकाठचा प्लॉटही येणार नाही.

पंपवाला: मान्य, विजेवर अडून बसत नाही. खरी भीती वेगळी. धारावीची क्षमता रोज 418 दशलक्ष लिटर. त्यातले 168 म्हणजे 40 टक्के एका बोगद्यावर. केंद्र बंद पडलं तर ते पाणी कुठे वळवणार? परत मिठीतच.

सिएटलहून: इथे फेब्रुवारी 2017 मध्ये असंच झालं. वेस्ट पॉइंट केंद्रात पाणी शिरलं, यंत्रं बुडाली आणि मैलापाणी न शुद्ध करता प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत सोडावं लागलं. पूर्ण क्षमतेने काम सुरू व्हायला काही महिने गेले.

कुर्लेकर: म्हणून काय, प्रत्येक नाल्यावर छोटा प्लांट? सोसायट्यांच्या तळघरातले प्लांट बघा. वीज वाचवायला ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारे पंखे) बंद, इन्स्पेक्शनच्या दिवशी चालू. दहा ठिकाणी लक्ष ठेवणार कोण?

पंपवाला: छोटे नकोत हो. माझं म्हणणं एवढंच की हा बोगदा एकतर्फी आहे. याला प्रवाह वाटून घेणं म्हणत नाहीत, हा भार लादणं झालं. धारावीतून घाटकोपर किंवा वांद्र्याच्या केंद्राकडेही थोडं पाणी वळवता आलं, तर दुरुस्तीसाठी एक टाकी बिनधास्त रिकामी करता येईल. तो जोड अजून महाग पडेल, हे खरं. पण दिलेल्या पैशांत काहीतरी हमी तरी मिळेल.

माहीमची: दोघांनी पावसाळा विसरला. योजना फक्त पाऊस नसतानाच्या प्रवाहाची आहे. जून ते सप्टेंबर नाला फुगला की मैला पूर्वीसारखाच मिठीतून आमच्या खाडीत येणार. तुमचे सहा कोटी आठ महिन्यांचे धरा आणि फायदाही तेवढ्याच महिन्यांचा.

पंपवाला: पावसाळ्यातही बोगद्यात त्याच्या मापाएवढं पाणी येतच राहील, ताई. त्यामुळे बिल बारा महिन्यांचंच. पण वरून जे उसळून जाईल त्याबद्दल तुमचं बरोबर आहे.