अनुभव धागा : परदेशात घर-जागा घेताना

खान्देशातल्या बऱ्याच घरांतली पोरं आता दुबईत, लंडनला, टोरांटोत आहेत. तिकडच्या फ्लॅटचा विषय साखरपुड्यातही निघतो. इथे हॉटेलात चहा-नाश्त्यासकट 'प्रॉपर्टी शो' भरतात, ते वेगळंच. सातबारा, फेरफार, चतुःसीमा आपल्याला तोंडपाठ. पण तिकडे तलाठी नाही. ज्यांनी घेतलं, किंवा घेता घेता थांबले, त्यांनी लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

सावदा, केळी व्यापारी : पोरगा दुबईत. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट पसंत पडला. एजंट म्हणे, टोकन माझ्या खात्यात टाका, भाव धरून ठेवतो. पोरानं साफ नाही सांगितलं. तिथे 2007 पासून कायदाच आहे : प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं एस्क्रो खातं (त्या बांधकामापुरतं राखून ठेवलेलं बँक खातं), गिऱ्हाइकाचा पैसा त्यातच जायचा. प्रकल्प नोंदलेला आहे का, काम किती झालं, हे लँड डिपार्टमेंटच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर घरबसल्या दिसतं. एजंट चिवट, पार गावाकडे फोन करायला लागला! शेवटी दुसरीकडे घेतला. नोंदणीचे 4 टक्के वेगळे धरा. आणि परदेशी माणसाला फ्रीहोल्ड, म्हणजे कायमची पूर्ण मालकी, ठरावीक भागांतच मिळतं, हे ब्रोशर वाचून कळत नाही.

धुळे, सीए : पैसा पाठवायची बाजू सांगतो. एका माणसाला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर, तेही बँकेत ए2 फॉर्म भरून. हवाला नको, क्रेडिट कार्डावर टोकनही नको. 10 लाखांच्या वर सध्या 20 टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापतात. ऐकून लोक दचकतात, पण तो रिटर्नमध्ये वळता होतो. 'ताबा घ्या, हप्ते नंतर' असली योजना फेमात, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्यात, बसते का, ते सहीआधी विचारा. माझ्याकडे येणारे बहुतेक सही करूनच येतात. घर झालं की रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवा, नाहीतर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख दंड होऊ शकतो.

अमळनेरची लेक, सध्या इंग्लंड : आमच्या आबांचा पहिला प्रश्न, "आन् सातबारा कोठे शे?" आबा, इथे लँड रजिस्ट्री, थोडी फी भरली की कुणालाही मालकाचं नाव, बोजा सगळं पाहता येतं. फ्लॅट बहुधा लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर, असतात, म्हणून किती वर्षं उरलीत ते बघा. 80 च्या खाली गेली तर वाढवून घेणं महाग पडतं. इथे राहत नसाल तर 2021 पासून स्टॅम्प ड्यूटीत 2 टक्के जादा. सॉलिसिटरच्या (खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाच्या) नावानं 'खातं बदललंय' असा मेल आला तर पैसे पाठवू नका. आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा.

शिरपूर : मला जॉर्जियातली स्वस्त शेतजमीन दाखवत होते. 2018 पासून तिथल्या घटनेतच शेतजमीन परदेशी माणसाला नाही, अपवाद मोजके. विषय संपला.

भुसावळ : कॅनडात 2023 पासून परदेशी लोकांना घर घ्यायला बंदी, ती 2027 सुरू होईपर्यंत आहे. भावाकडे पीआर (तिथे कायम राहायचा परवाना) होतं म्हणून त्याला अडलं नाही.

धुळे, सीए : सावद्याचे भाऊ, दुबईतल्या फ्लॅटचं इच्छापत्र केलं का? बिगरमुस्लिमांसाठी डीआयएफसीत (दुबईच्या आंतरराष्ट्रीय आर्थिक केंद्रात) 2015 पासून नोंदवता येतं.

सावदा : नाही केलं. पोराला आजच फोन करतो.