मदत हवी आहे: अहवालातल्या परिच्छेदावर पेन्सिलीचा शेरा, काढू की ठेवू?

मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय. ऑफिसचं नाव विचारू नका. बडोद्यात असते, केंद्र सरकारची नोकरी, सायंटिस्ट-बी. प्रोबेशन संपायला सात महिने आहेत.

पावसाळी गटारं, कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले) किती पावसाला पुरायला हवेत हे ठरवायला 25 वर्षांतून एकदा पडेल अशा पावसाचा आकडा काढतात. तो तक्ता नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या तक्त्यातली आकडेवारी कधीच थांबलेली, मी 2024 पर्यंतची घातली. आकडा वर सरकला. कारण 31 जुलै 2019. बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, एका दिवसात जवळपास 20 इंच.

साहेब म्हणाले, एका दिवसापायी सगळा तक्ता बिघडतोय, आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा) म्हणून काढा. म्हणजे शोधायचाय टोकाचा पाऊस, आणि वगळायचा टोकाचाच दिवस!

शेवटी मी एक परिच्छेद जोडला होता. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, तेव्हा जुन्या नोंदींवर कायमचं विसंबू नये, तक्ता दर काही वर्षांनी तपासावा, एवढंच. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘नॉट रिक्वायर्ड’. आणि तोंडी, “बेन, आ फकरो काढी नाखो ने, उपरथी सवाल आवशे.” (हा परिच्छेद काढून टाका ना, वरून प्रश्न येतील.)

साहेब माणूस वाईट नाही. 2024 चा पूर नुसत्या पावसाने आला नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. विश्वामित्री नदीची कोतरं (काठच्या घळी) बुजवली, तळ्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, वरून आजवा तलावाचं पाणी. एका स्टेशनवरून हवामान बदल सिद्ध होत नाही, आणि मी तसं लिहिलेलंही नाही. पण तो पाऊस पाडणारं डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची, तीव्र कमी दाबाची अवस्था) जमिनीवरून गुजरात ओलांडून अरबी समुद्रात गेलं आणि ‘असना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये तिथे असं 1976 नंतर पहिल्यांदाच घडलं. यावर एक ओळही लिहायची नाही?

(आमच्या समा भागातल्या घरात देवघराच्या फळीखाली त्या पुराच्या पाण्याची पिवळट रेघ आहे. रंगवाला आला तेव्हा आई म्हणाली, “तेवढी सोड.” त्यामुळे मी तटस्थ आहे असं म्हणवत नाही.)

परिच्छेद काढला तरी अहवालावर सही माझीच. नाही काढला तर प्रोबेशन. पेपरवाल्यांकडे जायचं नाहीये. फाईलवर मतभेद नोंदवलेल्यांनी नेमकं काय केलं, सांगाल का?

निवृत्त_टिपणीकार: ताई, पेन्सिल खोडरबरासाठीच असते. फाईलवरची टिपणी माहिती अधिकारात मागता येते, पेन्सिलीचं तोवर काही उरत नाही. केंद्राचे आचरण नियम, 1964, त्यातला नियम 3 वाचा. तोंडी आदेश मिळाला तर लेखी मागून घ्यायचा, आणि तो लेखी देणं वरिष्ठांचं कर्तव्य आहे. भांडू नका. एवढीच टिपणी टाका: “दि. अमुक रोजीच्या चर्चेनुसार 2019 ची नोंद वगळून तक्ता केला आहे. नोंद धरून केलेला तक्ता परिशिष्टात जोडला आहे. कोणता ग्राह्य धरावा, आदेश व्हावा.” खाली सही, तारीख. मग बघा साहेब कुठल्या तक्त्यावर पेन टेकवतात.

कोतरकाठचा: एकाच स्टेशनवर अडू नका. पादरा, डभोई, वाघोडिया, सावलीचे पर्जन्यमापक एकत्र मांडा. मग 2019 एकटं पडत नाही आणि आउटलायरचा मुद्दा ढिला होतो. ‘हवामान बदल’ हा शब्द खुपत असेल तर काढून टाका, आकडा सोडू नका.

धागाकर्ती: आजूबाजूची स्टेशनं उद्याच घेते, हे सुचायला हवं होतं मला. शब्द काढायचं मात्र अजून मनाला पटत नाहीये. काका, टिपणीचा मसुदा केला. ‘आदेश व्हावा’ऐवजी ‘मार्गदर्शन व्हावे’ चालेल का? प्रोबेशन आहे हो.

निवृत्त_टिपणीकार: चालेल. तारीख तेवढी विसरू नका.