'कुटुंबनियोजन' म्हणजे फक्त ऑपरेशन?

सायली_बीड: कॉलेजच्या मुलींसाठी (१८ ते २२) एक प्रश्नावली मराठीत करतेय. 'कुटुंबनियोजनाबद्दल काय माहीत आहे?' असं लिहिलं, तर बऱ्याच जणींचं उत्तर: 'आईचं झालंय.' म्हणजे ऑपरेशन! गोळ्या, निरोध, तांबी यांचं नावही नाही. एकीने 'माझं लग्न व्हायचंय' लिहून पुढचं पान कोरं सोडलं. दुसरा शब्द सुचवा.

जुनाजाणता: संततिनियमन! र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढलं, १९२३च्या पुस्तकाच्या नावातही हाच शब्द घातला. 'नियोजन' ही नंतरची सरकारी भाषा.

सायली_बीड: काका, 'संततिनियमन' वाचून मुली संस्कृतचा पेपर असल्यासारख्या बघतात.

माजघर: आमचे आजोबा बायकोलाच 'कुटुंब' म्हणायचे. 'कुटुंब माहेरी गेलंय.' त्या हिशेबाने कुटुंबनियोजन म्हणजे बायकोचं नियोजन, आणि झालंही तेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली. नवऱ्याची झालीय अशा ०.३ टक्के. मुलींचं उत्तर बरोबरच आहे की.

जुनाजाणता: व्युत्पत्ती अशी लागत नाही हो. कुटुंब म्हणजे घरदार. बायको हा लक्षणेने आलेला अर्थ.

माजघर: लक्षणेनेच म्हटलं मी. ऑपरेशन मात्र खरोखरीचं.

गावची_आशा: मी आशा आहे. लग्न झालेलीला 'पाळणा लांबवायचाय का?' विचारलं की कळतं. बिनलग्नाच्या पोरीला तेच विचारलं तर तिची आई परत दारात उभी करायची नाही. 'तांबी' म्हटलं की म्हाताऱ्या विचारतात, पाणी प्यायची का? आणि 'छाया'बद्दल (आठवड्याची गोळी) एक पोरगी म्हणाली, कोण छाया?

जुनाजाणता: तांबी म्हणजे लहान तांब्याच. तांब्याच्या तारेवरून हे नाव कुणी दिलं असेल त्याला दाद द्यायला हवी. नाहीतर तुमचं 'कॉपर-टी'!

निमाताई: दाद राहू द्या. आमच्या वेळी 'निरोध' दुकानात मोठ्याने मागता येत नसे. नाव चांगलं संस्कृत, तरी शरम तीच. माझी भाची 'कंडोम' सहज म्हणते. पाळीलाही 'डेट' म्हणते. परक्या शब्दाला घरातला वास नसतो, म्हणून तो तोंडातून निघतो.

जुनाजाणता: म्हणजे लाज वाटेल तिथे मराठी सोडायची?

निमाताई: सोडलीय कधीच. 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला'... ही मराठी तरी सरळ नाव कुठे घेत होती?

सायली_बीड: 'मूल कधी हवं ते ठरवण्याचे उपाय' असं लिहू का?

माजघर: आणि नकोच असेल तर?

सायली_बीड: 'हवं की नको, कधी...' रकान्यात मावत नाही. उद्या छापायला द्यायचंय.

गावची_आशा: ताई, 'ऑपरेशन' लिहिलंत तर कसलं तेही विचारा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत ऑपरेशन म्हणजे कितींदा तरी पिशवी काढलेली असते.

जुनाजाणता: गर्भाशय म्हणा. पिशवी बाजारात नेतात.