मदत हवी आहे: आई-बाबांना छोट्या विमानातून कुठे नेऊ?

कॅलिफोर्नियात लिव्हरमोरहून सेसना १७२ (चार आसनी छोटं विमान) भाड्याने घेऊन उडवतो. जुलैत आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. बायको धरून चौघे, म्हणजे वजनामुळे इंधनाच्या टाक्या पूर्ण भरता येणार नाहीत. तासाभराच्या आतलंच ठिकाण हवं.

हाफ मून बेला उतरून बंदरापर्यंत चालत जाता येतं, पण उन्हाळ्यात सकाळचं धुकं हटायचं नाव घेत नाही. कोलंबियाला विमानतळावरून पायवाटेने सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावात पोचतो. आईच्या गुडघ्यांना ती वाट झेपेल का? कोणी ज्येष्ठांना नेलंय? कॅटालिना बेटाची डोंगरमाथ्यावरची धावपट्टी (समुद्रसपाटीपासून १,६०२ फूट उंच!) खुणावते, पण लांब आहे, आणि बाबांना पहिल्याच फेरीत ते नकोच.

आणखी काही सुचतंय? शाकाहारी खाणं नसलं तरी चालेल, आई दशम्या बांधून घेईलच.