मदत हवी आहे: तोरणा ते पन्हाळा पायी जाताना साताऱ्यातील दोन रात्रींचा मुक्काम

सर्व जाणकारांना नमस्कार. माझी भाची आणि मी येत्या जानेवारीत पाठीवर ओझे घेऊन तोरण्यापासून पन्हाळ्यापर्यंत चालत जाणार आहोत. रायरेश्वर, केंजळगड, कमळगड, महाबळेश्वर असे करत मेढ्यामार्गे दहाव्या दिवशी आम्ही साताऱ्यात पोहोचू आणि दोन रात्री राहून सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर या वाटेने पाटणकडे निघू. कोयना अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून वासोट्याची बाजू आम्ही आधीच वगळली आहे. वाट ठरलेली आहे. मार्गदर्शन हवे आहे ते साताऱ्यातील मुक्कामाबद्दल.

दहा दिवस चालून आलेल्या माणसाला शहरात दिवसभर वणवण करावी लागली, तर ती विश्रांती राहत नाही, हे मी मागच्या पदभ्रमणात अनुभवले आहे. त्यामुळे राहण्याची जागा, शिधा, चर्मकार आणि कपडे धुण्याची सोय शक्य तितकी जवळजवळ असावी, अशी इच्छा आहे. मेढ्याकडून येताना आम्ही मोळाच्या ओढ्यावरून शहरात शिरणार आणि निघताना समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे जाणार, म्हणून एस.टी. स्टँडजवळ राहण्यापेक्षा राजवाडा किंवा मोती चौक परिसरात राहणे मला सोयीचे वाटते. या भागात गरम पाणी मिळेल आणि ओले कपडे वाळत घालायला गच्ची मिळेल, असे साधे, स्वच्छ लॉज आहे का? भाची सोबत असल्याने परिसर रात्रीही वर्दळीचा असावा.

सर्वांत मोठी चिंता भाचीच्या बुटांची आहे. ते सहा वर्षांपूर्वीचे असून बराच काळ माळ्यावर पडून होते. अशा बुटांच्या तळव्यातील पॉलियुरेथेनचा मऊ थर हवेतील दमटपणामुळे न वापरताही आतून कुजतो आणि चालू लागल्यावर एखाद्या दिवशी अचानक त्याचा भुगा होतो. तळ नुसता उचकटला असेल तर डिंक लावून चारही बाजूंनी दोऱ्याने शिवून घेता येतो, पण आतला थरच भुरभुरला असेल तर शिवणीला धरायला काही उरत नाही. निघण्यापूर्वी आम्ही ते तपासूच. तरीही साताऱ्यात जाड तळ हाताने शिवणारे कुशल चर्मकार कोठे बसतात आणि वेळ आलीच तर स्त्रियांच्या सहा नंबरचे डोंगरात चालण्याजोगे बूट शहरात मिळतील का, हे कृपया सांगावे. नवे बूट घालून दुसऱ्याच दिवशी सज्जनगड चढणे म्हणजे पायांना फोड आणण्यासारखे आहे. तसे झाल्यास मी मुक्काम एक दिवसाने वाढवीन.

शिधा पाटणपर्यंतच्या चार दिवसांचा लागेल. माणशी रोज सुमारे साडेसहाशे ग्रॅम कोरडा जिन्नस धरला, तर दोघांचा मिळून पाच किलोंच्या थोडा वर जातो. तांदूळ, मूगडाळ, शेंगदाणे, गूळ आणि पोहे साताऱ्यात कोणत्याही किराणा दुकानात मिळतील, याची मला खात्री आहे. मात्र घरी तयार केलेले सातूचे पीठ, मेतकूट, वाळवलेली भाजी आणि भाचीची औषधे आधी पाठवून ठेवावीत, असा विचार आहे. मागच्या वेळी दुसऱ्या एका गावी लॉजच्या पत्त्यावर पाठवलेले पार्सल, असे कोणी येथे उतरलेले नाही म्हणून, आम्ही पोहोचण्याच्या आदल्याच दिवशी परत गेले होते. या वेळी ते मुख्य डाकघरात आमच्या नावे ठेवून घेण्याच्या सोयीने पाठवावे, असे वाटते. डाकघर रविवारी बंद असते, म्हणून शुक्रवारी दुपारी पोहोचू अशा बेताने आम्ही निघत आहोत. साताऱ्यात ही सोय कोणी वापरली असल्यास ओळखपत्राव्यतिरिक्त काय दाखवावे लागले, ते लिहावे. स्वयंपाकाच्या गॅसचे छोटे डबे ज्वलनशील असल्यामुळे टपालाने पाठवता येत नाहीत. ते साताऱ्यात कोठे मिळतात, हेही कळवावे.

भाचीचे म्हणणे वेगळे आहे. साताऱ्यात एकच रात्र राहून खरेदी उरकावी आणि दुसरी रात्र सज्जनगडावरील भक्तनिवासात काढावी, कारण गडावर शांतता असते आणि प्रसादाचे जेवणही मिळते, असे ती म्हणते. मला तिचे म्हणणे पटते, परंतु दुखऱ्या गुडघ्यांनी सुमारे पंधरा किलोमीटर चालून गड चढलो, तर तो दिवस विश्रांतीचा कसा मानावा? ज्यांनी असा मुक्काम केला असेल, त्यांनी आपला अनुभव अवश्य सांगावा.

शेवटची एक विनंती. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपासून सडावाघापूरपर्यंतचे पठार जांभ्या खडकाचे आणि उघडे आहे. जानेवारीच्या अखेरीस तेथे वाड्यावस्त्यांवर पिण्याचे पाणी कितपत मिळते, हे कळल्यास साताऱ्यातून निघताना प्रत्येकी दोन लिटर भरून घ्यावे की चार, ते ठरवता येईल.