पेन ड्राइव्ह लावला की निळा स्क्रीन येऊन पीसी रिस्टार्ट होतोय, आतला डेटा कसा वाचवू?

नदीकाठ:
नमस्कार मंडळी, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा. घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ८ जीबी रॅम, एरवी त्याची काही तक्रार नाही. एक ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे, त्यात बाबांच्या भजनी मंडळाची सगळी रेकॉर्डिंग आहेत, काही तर अशा माणसांच्या आवाजातली जी आता राहिली नाहीत, शिवाय सातबारा, फेरफार वगैरे कागदांचे स्कॅन. आता झालंय असं की हा पेन ड्राइव्ह लावला की तो नेहमीचा आवाज येतो, दोनचार सेकंद जातात आणि निळा स्क्रीन, त्यावर टक्के वाढत जातात आणि पीसी आपोआप रिस्टार्ट. पेन ड्राइव्ह तसाच राहू दिला तर विंडोज सुरू होता होता परत तेच, काढला की सगळं व्यवस्थित. दुसरे पेन ड्राइव्ह, मोबाईलची केबल, प्रिंटर सगळं चालतंय.
हा ड्राइव्ह मध्ये झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी दिला होता आणि रोज संध्याकाळी टीव्हीला लावून भजनं ऐकतात घरी. दुकानातला मुलगा म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. पण दुसरी कॉपी कुठेच नाहीये हो. भावाच्या लॅपटॉपला लावून बघू का? त्यात त्याचं ऑफिसचं काम असतं म्हणून धीर होत नाही.

सोल्डरिंगवाला:
ताई/दादा, फॉरमॅट अजिबात मारू नका. आणि भावाचा लॅपटॉपही सध्या राहू दे, तिथेही विंडोजच असेल तर तिथेही हेच व्हायची शक्यता आहे, त्यातून नवीन काही कळणार नाही.
आधी एक गोष्ट नक्की करू. पेन ड्राइव्हने पीसी बंद पडणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे लावल्या लावल्या वीज गेल्यासारखं सगळं काळं, पंखे थांबले, निळा स्क्रीन वगैरे काही नाही, तो मामला करंटचा. दुसरं म्हणजे निळा स्क्रीन, म्हणजे वीज नीट आहे, विंडोजच्या आत काहीतरी कोसळतंय. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं वाटतंय, तरी खात्री म्हणून कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघा, हब किंवा एक्स्टेन्शन केबल नको.
निळ्या स्क्रीनवर खाली स्टॉप कोड (कशामुळे कोसळलं त्याचं नाव) लिहिलेला असतो तो इथे टाका. पटकन जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा, मग स्क्रीन तसाच राहतो आणि मोबाईलवर फोटो काढता येतो.

नदीकाठ:
धन्यवाद दादा. मागच्या पोर्टलाही तेच होतंय. टिक काढून बघितलं, स्टॉप कोड "एनटीएफएस फाइल सिस्टिम" असा आहे. आणि हो, हा ड्राइव्ह भावाने मागे एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला, कारण एक मोठा व्हिडिओ त्यात बसत नव्हता.

पेंग्विनताई:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत, आता बरंच उलगडलं. एनटीएफएस आणि फॅट३२ या ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या दोन पद्धती. मोठा व्हिडिओ बसत नव्हता कारण फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, म्हणून भावाने एनटीएफएस केलं असणार. त्यात चूक काही नाही. पण एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर (ते काम करणारा प्रोग्राम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी आतल्या गाभ्यात चालतो. साधा प्रोग्राम गडबडला तर तो एकटा बंद होतो, कर्नलमधला ड्रायव्हर गडबडला की विंडोज स्वतःच सगळं थांबवून निळा स्क्रीन दाखवतं. तुमच्या ड्राइव्हवरची फाइलींची जी मुख्य नोंदवही असते ना, कुठली फाइल कुठे आहे ते लिहिलेली, तीच कुठेतरी फाटली असावी, आणि विंडोज ती वाचायला गेलं की कोसळतंय. तेवढ्यासाठी आतल्या रेकॉर्डिंगचं काही बिघडलेलं असायलाच हवं असं नाही, हे आधी मनाशी पक्कं धरा.
हे नुसत्या तर्कावर सांगत नाहीये. २०१८ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने मुद्दाम बिघडवलेलं एनटीएफएस पेन ड्राइव्हवर टाकून दाखवलं होतं, ड्राइव्ह नुसता लावला की विंडोज ७ आणि १० दोन्ही निळा स्क्रीन, पीसी लॉक असला तरीसुद्धा. कारण लॉक असताना पण विंडोज ड्राइव्ह ओळखून वाचायला जातंच. म्हणून कुणी सांगेल ऑटोप्ले (ड्राइव्ह लावल्यावर तो आपोआप उघडणं) बंद करा, तर त्याच्यावर विसंबू नका.
उपाय म्हणजे हा ड्राइव्ह विंडोजला दाखवायचाच नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) घ्या, वेगळा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, विंडोजमध्येच रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने मिंटची आयएसओ (आख्खी सिस्टिम असलेली एक फाइल) त्यावर लिहा (त्या पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं बरं का), आणि त्याच्यावरून पीसी सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, ते रॅममध्ये चालतं, तुमची ८ जीबी भरपूर झाली.

बीकॉम_फायनल:
मध्येच विचारतो सॉरी, माझ्याकडे पहिला प्रकार आहे. पुढच्या पोर्टला काहीही लावलं की पीसी झटक्यात बंद, मागे लावलं तर काहीच होत नाही. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) गेला का?

सोल्डरिंगवाला:
एसएमपीएस गेला नाहीये, उलट तो त्याचं काम करतोय. यूएसबीला ५ व्होल्ट येतात, पुढच्या पोर्टमधली पत्री पिन वाकून शेजारच्या पिनला किंवा बाहेरच्या धातूला टेकली की शॉर्ट होतं आणि एसएमपीएस संरक्षण म्हणून सप्लाय तोडतो. पीसी बंद करून प्लग काढून टॉर्चने पोर्टमध्ये बघ, आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली किंवा पिना वर आलेल्या दिसतील. तोवर पुढचा पोर्ट वापरू नकोस. कॅबिनेट उघडता येत असेल तर पुढच्या पॅनेलची यूएसबी केबल मदरबोर्डवरून काढून ठेव, यूएसबी २ ची असेल तर ९ पिनांची असते. कॅबिनेट नवीन असेल तर ती केबल जोडताना तिरकी बसली असेल तेही तपास, असेंबल करताना घाईत असं होतं.

भीमथडी:
मला तरी झेरॉक्सच्या दुकानाचाच संशय येतो. आमच्याकडे शॉर्टकट व्हायरस तिथूनच आलेला, सगळे फोल्डर शॉर्टकट झाले होते. आधी अँटिव्हायरस मारा.

पेंग्विनताई:
भीमथडी, शॉर्टकट व्हायरस येतो तो दुकानातूनच हे खरं, पण त्याला पीसी चालू राहायला हवा असतो, त्याशिवाय तो पसरणार कसा. तो फाइली लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो, त्याने हा असला निळा स्क्रीन सहसा येत नाही. आणि पेन ड्राइव्हवरचा ऑटोरन (आतला प्रोग्राम आपोआप सुरू होणं) विंडोज ७ पासून बंदच आहे. शिवाय अँटिव्हायरस मारायचा तर ड्राइव्ह विंडोजला लावावा लागणार, तिथेच तर अडलंय. कॉपी केलेल्या फाइली नंतर जरूर स्कॅन करा, ते बरोबरच आहे.
माझा संशय टीव्हीवर जास्त आहे. भजन संपलं की रिमोटने बंद, तसाच ड्राइव्ह ओढून काढला, किंवा ऐन वेळी लाइट गेली. काही टीव्ही पेन ड्राइव्हवर स्वतःच्या फाइली लिहितात, ते लिहिणं अर्धवट राहिलं तर नोंदी बिघडू शकतात.

नदीकाठ, आता कसं करायचं ते सांगते, घाई करू नका. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धं झोपलेलं राहतं आणि मग लिनक्स तुमच्या हार्ड डिस्कवर काही लिहू देत नाही. मग मिंटवरून सुरू करा, बूट मेनूची की प्रत्येक मदरबोर्डची वेगळी, एफ८, एफ११, एफ१२ नाहीतर एस्केप. मिंट आल्यावर मगच तो बिघडलेला ड्राइव्ह लावा. त्यात डिस्क्स नावाचं ॲप असतं, डावीकडे ३२ जीबीवाला निवडा, मेनूतून क्रिएट डिस्क इमेज करा आणि ती इमेज हार्ड डिस्कवर ठेवा, जागा मात्र पूर्ण ३२ जीबी मोकळी हवी. यात आख्खा ड्राइव्ह जसाच्या तसा उतरून येतो, फाटक्या नोंदीसकट, म्हणजे पुढे काही चुकलं तरी मूळ शाबूत. नंतर फाइल मॅनेजरमधून ड्राइव्ह उघडून बघा, उघडला तर सरळ कॉपी. नाही उघडला तर नेट जोडून टेस्टडिस्क टाका, तो इमेजमधून फाइली नावासकट काढून देऊ शकतो. त्याच्यासोबतच फोटोरेक येतो, तो अगदी शेवटी वापरा, नाव फोटोरेक असलं तरी एमपी३ पण शोधतो, पण फाइलींची नावं जातात आणि कुठलं भजन कुठलं ते ऐकूनच ठरवावं लागतं.
चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासणारा प्रोग्राम) किंवा कुठलाही रिपेअर इमेज व्हायच्या आत चालवायचा नाही. रिपेअर नोंदी सुधारतो म्हणजे बदलतो, आणि न जुळणारी नोंद कधी कधी सरळ टाकून देतो.

नदीकाठ:
ताई, काल रात्री बसून केलं. बूट मेनू एफ११ ला आला. इमेज झाली, मध्ये एका ठिकाणी बराच वेळ अडकलं होतं पण पुढे गेलं. फाइल मॅनेजरमधून ड्राइव्ह उघडला नाही, एरर आली, मग टेस्टडिस्कने इमेज उघडली तर सगळे फोल्डर दिसले!! रेकॉर्डिंग नावासकट आली, बाबा सकाळपासून एकेक लावून ऐकतायत. स्कॅनचा एक फोल्डर रिकामा आला, पण ते कागद परत स्कॅन करता येतील. सगळं पीसीवर आणि भावाच्या हार्ड डिस्कवर अशा दोन ठिकाणी ठेवलंय. तुम्हा दोघांचे किती आभार मानू कळत नाही.
आता हा ड्राइव्ह परत वापरला तर चालेल का? टीव्हीला एक लागतोच.

सोल्डरिंगवाला:
वाचून फार बरं वाटलं. इमेज करताना अडकलं म्हणताय म्हणजे तिथली चिप वाचायला त्रास देत होती, नुसती नोंदच बिघडलेली नाही असं मला वाटतं. मिंटमधूनच डिस्क्स ॲपने फॉरमॅट करा, मग विंडोजला लावा आणि एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, तो ड्राइव्ह पूर्ण भरतो आणि परत वाचून जुळवतो. एक जरी एरर आली तर तो ड्राइव्ह टाकून द्या. फॉरमॅटच घेत नसेल, राइट प्रोटेक्टेड म्हणत असेल तरी तेच, चिप संपत आली की ड्राइव्हमधला कंट्रोलर (चिपचं काम सांभाळणारा भाग) लिहिणं बंद करतो, ते सॉफ्टवेअरने सुटत नाही. विंडोजमध्ये २९ जीबीच्या आसपास दिसेल, त्याने घाबरू नका, ३२ जीबीचे तेवढेच दिसतात.
टीव्हीसाठी फॅट३२ ठेवा, भजनाच्या फाइली काही ४ जीबीच्या नसतात, आणि फॅट३२ जवळपास सगळे टीव्ही वाचतात. टीव्हीवर फक्त कॉपी लावायची, आणि काढताना टीव्हीच्या मेनूत यूएसबी रिमूव्ह असेल तर ते करून, नसेल तर टीव्ही बंद करून मग काढायचा.

बीकॉम_फायनल:
पुढच्या पोर्टची एक पिन खरंच वर आलेली होती. केबल काढली, आता मागच्या पोर्टवर सगळं चालू आहे. थँक्यू दादा.