बॉक्सिंग शिकायला लागताना: आपापले अनुभव लिहा

चाळिशी ओलांडल्यावर मी पुण्यात बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागले. तेव्हापासून सोसायटीतल्या बायका, ऑफिसातली मुलं, अगदी माझी मावशीसुद्धा, सगळ्यांचा प्रश्न एकच: "मार बसतो का गं?" म्हणून हा धागा काढतेय. जे शिकताहेत, शिकून सोडलंय, मुलांना क्लासला घातलंय किंवा स्वतः शिकवतात, त्या सगळ्यांनी सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहावं. सुरुवात मीच करते.

मार बसत नाही. चांगल्या जिममध्ये पहिले कित्येक आठवडे समोर माणूसच उभा करत नाहीत, समोर असतो आरसा. आमचा क्लास दीड तासाचा. आधी दोरीच्या उड्या, मग अंग मोकळं करणं, शॅडो म्हणजे आरशासमोर हवेत ठोसे मारणं, मग बॅग म्हणजे टांगलेल्या जड पिशवीवर ठोसे, आणि शेवटी पोटाचे व्यायाम. भिंतीवरचा टायमर तीन मिनिटं चालतो, एक मिनिट थांबतो, पुन्हा तीन मिनिटं, कारण स्पर्धेतली फेरी तेवढीच असते. टीव्हीवर बघताना तीन मिनिटं भुर्रकन जातात. हात हनुवटीशी धरून नुसतं पुढे-मागे सरकत राहिलं, तरी दुसऱ्या मिनिटाला खांदे पेटतात आणि कोपरं आपोआप खाली यायला लागतात. आमचे सर सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांचं "हात ऊपर!" दर पाचव्या मिनिटाला कोणासाठी तरी असतंच.

सगळ्यात आधी शिकवतात ते हाताच्या पट्ट्या बांधायला. मोठ्या माणसाची पट्टी साडेचार मीटर लांब असते. फास अंगठ्यात अडकवायचा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे न्यायची, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या गाठींवर तीन वेढे, मग बोटांच्या एकेका बेचक्यातून काढत अंगठ्याला वळसा, आणि उरलेली पुन्हा मनगटावर संपवायची. बांधताना बोटं फाकलेली हवीत, नाहीतर मूठ वळली की पट्टी काचते आणि बोटांना मुंग्या येतात. मला हे काम फार आवडतं. पट्टी बांधून होईपर्यंत डोक्यातलं ऑफिस बाहेर गेलेलं असतं.

खरेदीबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. पट्ट्या स्वतःच्याच घ्या आणि रोज धुवा. ग्लोव्हज महिनाभर जिममधले वापरले तरी चालतात. घ्यायचे झाले तर बॅगसाठी 12 औंसचे बऱ्याच जणांना पुरतात, स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, मोठ्यांना बहुतेक ठिकाणी 16 औंसचेच घालायला सांगतात, कारण गादी जाड असते. घरी आल्यावर ग्लोव्हज पिशवीत तसेच ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवा.

आता तुम्ही लिहा.

नागपूरहून, कॉलेजमध्ये शिकणारी

ताई, छान धागा. आमच्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडला युवा विश्व अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यानंतर घरी बॉक्सिंगचं नाव काढायला मला फारसं अवघड गेलं नाही. बाबा म्हणाले, जाऊन तर बघ.

मी डावखुरी आहे. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "लिहितेस कोणत्या हाताने?" आणि मला साउथपॉ उभं केलं, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे. बाकी अख्खी बॅच ऑर्थोडॉक्स, डावा पाय पुढे. सरांनी सगळ्यांना दाखवलेलं मला मनात उलटं करून घ्यावं लागायचं, त्यामुळे सुरुवातीला डोकंच जास्त दमायचं. पण डावखुऱ्यांनी हे ऐकून घाबरू नका. समोरच्याला आपली सवय नसते, आणि पुढे त्याचा फायदा आपल्यालाच होतो.

मुलींसाठी एक सांगते. चांगली स्पोर्ट्स ब्रा आणि केस घट्ट बांधायला जाड रबर, या दोन गोष्टींवाचून दोरीच्या उड्या म्हणजे शिक्षा आहे. पहिल्या आठवड्यात नडगीच्या पुढच्या बाजूला ठणका लागतो. मी सिमेंटवरून मॅटवर गेले आणि उड्या कमी उंच घेतल्या, तेव्हा तो थांबला. दोरी पायाखालून जाण्यापुरतंच उचलायचं असतं.

ठाण्याहून, एका अकरा वर्षांच्या मुलाची आई

आमच्या मुलाला आम्ही आधी घराजवळच्या एका जिममध्ये घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलांच्या जोड्या लावून रिंगमध्ये उतरवलं. वजन बघितलं नाही, तोंडात माउथगार्ड नाही, आणि बाहेर उभे असलेले मोठे दादा "मार, मार" म्हणून ओरडत होते. माझं पोरगं रडत नव्हतं, पण घरी आल्यावर जेवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथे जाणं बंद केलं. मला अजून त्याचा राग येतो.

आता तो जिथे जातो तिथे पहिले काही महिने फक्त पायांची हालचाल, लपाछपीसारखे खेळ, खांद्याला हात लावून पळायचं, कोलांट्या. सर मुलांचं वजन वहीत लिहितात. स्पारिंग सुरू झालं ते फक्त अंगावर, डोक्याला हात लावायचा नाही या नियमाने. पालकांनो, फी विचारायच्या आधी एक अख्खा क्लास कडेला बसून बघा. सर कोणाकडे बघत असतात तेवढं बघा. चांगले सर मागे पडलेल्या मुलाकडे बघत असतात.

कोल्हापूरहून, हाडांचा डॉक्टर

तालमीच्या गावातला असल्यामुळे कुस्तीतले मोडलेले कान लहानपणापासून बघितलेत. बॉक्सिंगवाले येतात ते हात घेऊन. सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे करंगळीच्या मागच्या तळहाताच्या हाडाला, गाठीच्या जरा खाली, चीर. ठोसा करंगळीच्या बाजूने बसला की हे होतं. पहिल्या दोन गाठींनी, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी मारायला शिकवतात ते यासाठी. मनगट कोपराच्या रेषेत सरळ हवं. बॅगवर पूर्ण ताकद लावायची घाई करू नका. स्नायू महिन्याभरात तयार वाटतात, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) त्यामानाने सावकाश तयार होतात.

डोक्याबद्दल गंभीरपणे लिहितो. हेडगार्डने भुवई फुटणं, कान सुजणं बरंच वाचतं. मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. पुरुषांच्या वरच्या गटातल्या स्पर्धांमधून 2013 मध्ये हेडगार्ड काढलंच गेलं, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. म्हणून "हेडगार्ड आहे ना, मग मार" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ठोसा लागल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना किंवा आपण कुठे आहोत याचा घोळ झाला, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही. ब्लड प्रेशर असलेल्यांनी सुरू करण्याआधी तपासून घ्या. चष्म्याचा नंबर जास्त, म्हणजे उणे पाच-सहाच्या पुढे असेल, तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अशा लोकांनी बॅग आणि पॅडवर (सर हातात धरतात त्या गाद्यांवर) आयुष्यभर मजा करावी, चेहऱ्यावर ठोसे घेऊ नयेत.

इंग्लंडहून

मूळचा साताऱ्याचा, इथे नोकरीसाठी आलो. इथल्या अमॅच्युअर (हौशी) क्लबांत दोन तऱ्हेचे लोक असतात: व्यायामासाठी येणारे, आणि डॉक्टरी तपासणी करून स्पर्धेसाठी नोंद झालेले. त्या दुसऱ्यांना 'कार्डेड' म्हणतात. मी पहिल्यांतला आणि तिथेच समाधानी आहे.

मला लिहायचंय ते पहिल्या स्पारिंगबद्दल, कारण त्याची भीती सगळ्यांना असते. कोचने माझ्यासमोर क्लबातला सगळ्यात अनुभवी माणूस उभा केला. नव्याला नव्यासमोर कधी सोडत नाहीत. दोघेही घाबरलेले, दोघेही जोरात मारतात आणि कोणाला तरी लागतं. अनुभवी माणूस आपल्याला किती झेपतंय ते ओळखून हात चालवतो. नियम होता फक्त जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बाकी काही नाही. घंटा वाजली आणि शिकलेलं सगळं गेलं. श्वास रोखून धरला होता हे मला कळलंच नाही. तो समोरून शांतपणे म्हणत होता, "ब्रीद, मेट, ब्रीद." मग एक हलका जॅब नाकाच्या शेंड्यावर बसला. दुखलं नाही फारसं, पण डोळ्यांत झरकन पाणी आलं. ते रडणं नसतं, नाकाला धक्का बसला की डोळ्यांना पाणी येतंच. पुढच्या जॅबला मी डोळे मिटले. त्याच्या पुढच्याला मिटले नाहीत, आणि तो ठोसा माझ्या ग्लोव्हवर अडला. तो क्षण मला आजही लख्ख आठवतो: येणारा हात मला दिसला होता.

फेरी संपल्यावर त्याने माझं डोकं ग्लोव्हने थोपटलं आणि माझा उजवा हात कुठे खाली येतो ते दाखवलं. परक्या देशात माझी पहिली खरी मैत्री त्या माणसाशी झाली.

न्यू जर्सीहून

थोडं वेगळं लिहिते. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. इथे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी बॉक्सिंगचे खास वर्ग असतात. 2006 मध्ये इंडियानापोलिसला सुरू झालेल्या रॉक स्टेडी बॉक्सिंगपासून ही कल्पना पसरली. ठोसे फक्त बॅगवर, माणसावर कधीच नाहीत. मोठी पावलं टाकणं, अंग वळवणं, आकडा ऐकून त्याप्रमाणे हात चालवणं, हे सगळं त्यांच्या फिजिओने सांगितलेल्या व्यायामाच्या जवळचंच आहे. आजार गेलेला नाही. पण आठवड्यातले ते दिवस सासरे स्वतः तयार होऊन दाराशी उभे असतात, आणि सासूबाईंना मी बऱ्याच काळाने निर्धास्त बघितलं.

पुण्याहून, प्रशिक्षक

सगळे प्रतिसाद वाचले. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद मी आमच्या मुलांना वाचून दाखवणार आहे.

नवीन मुलं मला विचारतात, "सर, ठोसा जोरात कसा मारायचा?" ठोसा जमिनीतून येतो. मागच्या हाताचा क्रॉस मारताना मागच्या पायाची टाच उचलून चवड्यावर वळायचं, पायाखाली शेंगदाणा चिरडावा तसं. त्याबरोबर कंबर वळते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी जातो. ज्याचा हात आधी जातो त्याचा ठोसा फक्त हाताचा असतो. म्हणूनच मी महिना महिना नुसतं चालायला लावतो. पाय कधी एकमेकांसमोर आणायचे नाहीत, दोन्ही एका रेषेत उभे करायचे नाहीत. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा आधी. कंटाळून मुलं सोडून जातात, मला वाईट वाटतं, तरी मी हे बदलत नाही.

प्रशिक्षक निवडताना पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा कोर्स केलाय का, ते विचारा. नसेल तर स्वतः कोणत्या पातळीवर खेळलेत ते विचारा. विचारायला लाजू नका, खरा खेळाडू आनंदाने सांगतो. आणि स्पारिंग कधीपासून, हा प्रश्न नक्की विचारा. "उद्यापासून" असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत या.

धागाकर्तीकडून

सर, मनापासून आभार. व्यनितून (खाजगी निरोपातून) दोघींनी विचारलंय की पन्नाशीत सुरू करता येईल का. आमच्या बॅचमध्ये एक काकू आहेत, गुडघा दुखतो म्हणून दोरीऐवजी जागच्या जागी पावलं टाकतात, बाकी सगळं करतात. डॉक्टरना विचारून या. पहिल्या दिवशी पाणी, टॉवेल, सपाट तळाचे बूट एवढंच आणा. पोट भरून येऊ नका, जेवण दोन तास आधी झालेलं असू दे. नखं कापून या, कारण मूठ वळल्यावर ती तळहातात रुततात.